खाच कानाला, पिल्लं पोटात

“पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडे सोडून यायचं! विषय संपला!” सोसायटीचे सचिवकाका जिन्याखाली वाकून गरजले.

तिथे भुरी मांजर बसली होती. पोट चांगलंच टम्म!

“पण काका, तिच्या कानाला खाच आहे!” चष्मिश म्हणाली. पिल्लं होऊ नयेत म्हणून स्वस्तातल्या दवाखान्यात मांजरांचं ऑपरेशन करत. ते झालं, ही त्या खाचेची खूण.

“तेच तर! खाच कानाला, पिल्लं पोटात! त्या दवाखान्यावर आता माझा काडीचा विश्वास नाही. रविवारी सगळी मांजरं बाहेर!”

चष्मिश भुरीसमोर आडवी बसली. सुट्टीत आईनं तिला आत्याकडे पाठवलं होतं. आत्या सकाळीच कपड्यांच्या कारखान्यात जाई, दिवेलागणीला परते आणि जेवताजेवताच पेंगू लागे. आईचा फोन “नंतर बोलू हं, राणी” एवढ्यावर संपे. दिवसभर चष्मिशचं बोलणं ऐकायला एकटी भुरीच. आता तीही जाणार? मोठ्या माणसांना निर्णय घ्यायची भारी घाई!

“भुरी फसवी नाही. गडबड दवाखान्यात आहे,” तिनं वरच्या मजल्यावरच्या लंबूला आणि त्याच्या बहिणीला, बडबडीला सांगितलं.

“मग चला, तपासाला!” लंबू म्हणाला.

“मी पण! मी अज्जिबात बोलणार नाही!” बडबडीनं सांगितलं आणि वाटभर बोलत राहिली.

दवाखान्यात पिंजऱ्यांची रांगच लागली होती. मुलं पाण्याच्या वाट्या भरू लागली, त्यामुळे त्यांना कुणी हटकलं नाही. मदतनीसकाका मांजरांना गुंगीचं इंजेक्शन देत आणि रांगेतच कानाला खाच पाडत.

“काका, ऑपरेशनच्या आधीच?” चष्मिशनं विचारलं.

“डॉक्टरबाईंचा वेळ वाचतो गं!”

चष्मिशचे डोळे चमकले. तिनं बडबडीच्या केसांतली लाल लोकर सोडवली. ऑपरेशनच्या खोलीतून मांजर बाहेर आलं, की त्याच्या पिंजऱ्याला ती लोकरीचा तुकडा बांधू लागली.

संध्याकाळी गाडीखाली सापडलेला एक कुत्रा आला. डॉक्टरबाई त्याच्याकडे धावल्या आणि उरलेली रांग तशीच राहिली. तेवढ्यात मांजरं जागेवर परत सोडणारे ड्रायव्हरदादा शीळ घालत आले. प्रत्येक कान बघायचा, पिंजरा गाडीत! कान बघायचा, पिंजरा गाडीत!

“लंबू, पळ! सचिवकाकांना आण!”

लंबू काकांना म्हणाला, “दवाखान्याची लबाडी पकडलीय!” काका उलट्यासुलट्या चपला घालून धावत आले.

“दादा, थांबा!” चष्मिश गाडीसमोर आडवी उभी राहिली. “लोकर नसलेली मांजरं आत गेलीच नाहीत! नुसती खाच पाडून परत चाललीत! आमची भुरीही अशीच परत आली आणि आता तिच्या पोटात पिल्लं आहेत!”

“पण खाच आहे ना?” ड्रायव्हरदादा गोंधळले.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी एका मांजराचं पोट तपासलं. टाका नाही! दुसऱ्याचं तपासलं. तिथंही नाही! मदतनीसकाकांनी मान खाली घातली.

“चूक आमची,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “यापुढे खाच टेबलावरच, ऑपरेशन झाल्यावर. आणि राहिलेल्या सगळ्या मांजरांचं फुकट करीन. भुरीचंसुद्धा, पिल्लं दूध प्यायची थांबली की. शाबास, पोरांनो!”

“म्हणजे आता पोती नकोत,” सचिवकाका पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, “हुशार आहेस गं!”

लंबू-बडबडीला त्यांच्या बाबांनी कौतुकानं फिरायला नेलं. चष्मिशनं आईला फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

ती जिन्याखाली गेली. भुरी व्याली होती! चार पिल्लं कुशीत लुचत होती. एरवी पायाशी घोटाळणारी भुरी आज जागची हलली नाही. तिला आता तिची माणसं मिळाली होती. चष्मिशला आनंद झाला आणि रडूही आलं. ती पायरीवर बसून राहिली.

अंधार पडला. कारखान्यातून परतलेली आत्या पिशवीसकट तिच्यासमोर उभी राहिली.

“कोपऱ्यावर सचिवकाका भेटले. सगळं सांगितलं त्यांनी,” ती म्हणाली. “मला मात्र तू कधी काही सांगितलं नाहीस.”

“तू दमलेली असतेस ना.”

आत्यानं पिशवी खाली ठेवली.

“सरक जरा,” ती म्हणाली. “आणि आता पहिल्यापासून सांग.”