वरच्या अंगाचे दगड

पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. संध्याकाळी सहाला सगळे सुटत, पण कल्याणचं काम पुढे अर्धा तास चाले. किल्ली फिरवली आणि चहाला पळालो, अशा थाटात रोलर बंद करणं त्याला जमतच नसे. आधी पुढच्या लोखंडी ड्रमची थरथर बंद, मग न्यूट्रल, मग ब्रेक. पाच मिनिटं इंजिन नुसतं संथ चालू ठेवून निवू द्यायचं. मग किल्ली खिशात, बॅटरीचा खटका बंद, आणि मशीनकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून खाली उतरायचं. सपाट जागा खडीच्या ढिगांनी अडवलेली, त्यामुळे अकरा टनांचं ते धूड उतारावर उभं राही. म्हणून शेवटी ड्रमला दोन काळे दगड, खालच्या अंगाने, उताराखालच्या ओढ्याकडून.

वर टेकाडावर त्याची पत्र्याची खोली होती. तिथून त्याची बायको उषाबाई हे सगळं बघे.

"मशीनचं इतकं करता," ती म्हणे, "जरा घराची कडीबी तपासत जा. आत लेकरू झोपतंय."

लेकरू म्हणजे चार वर्षांची अर्पिता. ती दिवसभर त्याच उतारावर खेळायची; तिच्यासाठीच तर तो दोनदा दगड लाथेने हलवून बघायचा. खालून खोदकामाचं पोकलेन गेलं की खोलीचा पत्रा वाजायचा, आणि तो उगाच वर बघायचा.

राखणदार कचरूमामा वीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस. मेंढरं विकली, काठी तेवढी ठेवली. कल्याणची पाठ वळली की तो रोलरच्या मागच्या टायरांना आणखी दोन दगड लावी. वरच्या अंगाने, चढाकडून.

"मामा, अकरा टनाचं मशीन चढावर कसं जाईल?"

"जायचं न्हाई."

"मंग दगड कशाला?"

"असू द्या की. तुमाला काय वझं होऊन राह्यलं?"

कल्याणला ते लागलं. आपल्या कामात कुणी चूक काढल्यासारखं वाटलं. मामा दोन दिवस लेकीकडे जुन्या जालन्याला गेला, तेव्हा कल्याणने ते दोन्ही दगड उचलून ओढ्यात भिरकावले.

सकाळी ड्रम आणि खालचे दगड यांच्यात वीतभर फट होती.

कुणीतरी दगड सरकवले असतील. पण ते आपापल्या खाचेत घट्ट बसलेले होते. त्या संध्याकाळी त्याने सगळं दुप्पट काळजीने केलं, ड्रमखाली चुन्याची रेघ ओढली आणि किल्ली उशाखाली घेऊन निजला. सकाळी फट दोन वितींची होती. टायरवरचा डांबराचा ठिपका काल होता तिथेच होता, म्हणजे चाक फिरलेलंच नव्हतं. ब्रेक लागलेलाच होता. जमिनीवर फक्त फरफटल्याची खूण होती, चढाच्या दिशेने.

उषाबाईला त्याने काही सांगितलं नाही. ओढ्यात उतरून दोन्ही दगड शोधले आणि आपल्या हातांनी मागच्या टायरांना लावले. तो घाबरला होता. मामा परत आला, दगड बघितले आणि तंबाखूची पिशवी काढून बसला. कल्याणनेच विषय काढला.

"इथं मेंढरं बसवायचो आमी," मामा तंबाखू मळत म्हणाला. "एक बसायचं न्हाई. समदी ओढ्याकडं तोंड करून उभी. अन् तशीच मागं मागं सरकायची, टेकाडाकडं."

"ओढ्यात काय होतं?"

"बघायला गेल्तो न्हाई. वरच्या अंगाला दगड लावले. मंग सरकायचं राह्यलं."

त्यानंतर फट पडली नाही. मात्र वरचे दोन दगड रोज सकाळी थोडे अधिक रुतलेले दिसत.

महिन्याने काम संपलं. दुपारी ट्रेलर आला आणि रोलर घेऊन गेला. कल्याणचं बिऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी हलणार होतं. उषाबाईने भांडी पोत्यात बांधली. दिवस मावळताना कल्याण बाहेर आला, तर मामा त्या मोकळ्या उतारावर वाकलेला. चुन्याच्या पुसट रेघेच्या जरा वर त्याने दोन्ही दगड नीट शेजारी शेजारी बसवले होते.

"मामा, मशीन तर गेलं."

मामाने हात झटकले. "मशीनला कवा लावले होते मी?"

कल्याण हसला नाही. आत येऊन त्याने कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा बघितली. अर्पिताला दोघांच्या मधे निजवलं.

उजाडताना त्याला जाग आली. कडी जागेवर होती. त्याला बरं वाटलं.

त्याने दार उघडलं.

उतारावर दगड नव्हते. ते उंबऱ्याला टेकलेले होते, दोन्ही, शेजारी शेजारी. त्यांच्यामागे ओढ्यापासून इथवर माती सरळ फरफटत आलेली.

उषाबाईला उठवायला तो आत वळला. ती झोपलेली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

अर्पिता मागच्या पत्र्याला पाठ लावून उभी होती. तोंड दाराकडे, खालच्या ओढ्याकडे.

ती गाढ झोपेत होती.