चौघांची खोली

ही गोष्ट कशी संपते ते ओळखून दाखवा. आत्तापर्यंत कुणाला जमलेलं नाही. मधेच "कळलं, कळलं" म्हणून माना हलवणारे फार भेटले, पण शेवटी त्यांचीच तोंडं बघण्यासारखी झाली. तेव्हा दिवा जरा जवळ ओढा, दाराकडे पाठ करू नका, आणि ऐका.

एक होता चष्मेवाला. कोपऱ्यावर दुकान, आत डोळे तपासायची अंधारी खोली. लोकांचे नंबर काढून काढून त्याला वाटायला लागलेलं की आपल्याला सगळंच दिसतं. घरात तो, त्याची बायको आणि आक्का. आक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, मग आक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. त्याच्यापायी तिचं स्वतःचं लग्नसुद्धा राहून गेलं. आता बिचारीचे गुडघे गेले होते. दोन पायऱ्या चढली की भिंत धरून उभी राहायची.

या आक्काला एकदा युरोप दाखवायचा, असं चष्मेवाल्याच्या मनात फार दिवस होतं. अखेर विमानाची तीन तिकिटं निघाली आणि हॉटेलची शोधाशोध सुरू झाली. गिऱ्हाईक खुर्चीत बसून "धूसर दिसतंय हो" म्हणून सांगतंय, आणि हा फोनवर त्या शहराचा नकाशा मोठा करून बघतोय. स्टेशनजवळचा भाग स्वस्त, पण तिथे पाकीटमार. मधला जुना चौक बायकोच्या मनात भरलेला, पण तिथली घरं उंच, जिने गोल गोल, लिफ्टच्या नावाने बोंब.

"आक्कांना पाठीवर घेणार का तुम्ही?" बायको म्हणाली.

"लहानपणी मी घेतलंय याला पाठीवर," आक्का म्हणाली. "आता फिटू दे की."

शेवटी नदीपलीकडचा भाग सापडला. शांत, सपाट रस्ते, ट्राम दाराशी. तिथे एका बाईचं घर होतं, चार खोल्या भाड्याने देणारं. फक्त एक अडचण होती. तिघांची खोली माळ्यावर. चौघांची तळमजल्यावर. भाडं जवळपास सारखंच.

चष्मेवाल्याने चार माणसं म्हणून सांगून टाकलं.

"अहो, चौथं कोण?" बायकोने विचारलं.

"कुणी नाही. तिथे गेल्यावर सांगायचं, आजारी पडला."

"कोण आजारी पडला?"

"चौथा."

"मी सांगते चौथं कोण ते," आक्का म्हणाली. "माझे गुडघे. त्यांना वेगळं अंथरूण लागतं."

तिघंही हसले. मग त्या घरमालकिणीचं उत्तर आलं. चौघं नक्की ना? आमच्याकडे जितके सांगाल तितक्यांची सोय होते, मागाहून कमी होत नाही. चष्मेवाल्याला वाटलं, बाई पैशाचं बोलतेय. त्याने लगेच कळवलं, नक्की.

तिकडे हिवाळ्यात दुपार संपायच्या आतच अंधार पडतो. हे पोचले तेव्हा दिवे लागलेले, नदीवरून धुकं चढलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मालकिणीने दार उघडलं. चष्मेवाला आत आला, बायको आली, आक्का चौकट धरून धरून आली. पण बाई काही दार लावेना. गार वारा आत घुसतोय, आणि ती बाहेर बघत उभी. मग अंग चोरून जरा बाजूला झाली, जशी कुणाला वाट देतात तशी. मग दार लावलं.

चष्मेवाल्याने पाठ करून ठेवलेलं सुरू केलं, "आमचा चौथा माणूस आहे ना, तो..."

"हो, आले," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली आणि किल्ली काढून पुढे चालू लागली.

खोली ऐसपैस होती. एका ओळीत चार खाटा. चौथी अगदी भिंतीकडे, कपाटाच्या पलीकडे, जिथे दिव्याचा उजेड पोचत नव्हता. आत ओल्या लोकरीचा वास भरलेला, तळघरात येतो तसा. आक्काने पहिल्या खाटेवर बूड टेकलं आणि "हुश्श" केलं. "पायरी नाही एक. शहाणा गं माझा भाऊ," ती म्हणाली. भाऊ खूश झाला.

सकाळी चौथ्या खाटेची चादर ओढलेली होती. उशीला खळगा पडलेला. टॉवेल ओला.

"आक्का, तुम्ही मधे उठला होतात का?" बायकोने विचारलं.

"मी पाठ टेकली ती आत्ता डोळा उघडला. का गं?"

बायकोने उशीचा खळगा थापून सपाट केला. झोपेत तिला कुणीतरी कूस बदलल्याचं ऐकू आलं होतं. नवऱ्याचीच कूस असेल म्हणून ती गप्प पडून राहिली होती. पण नवरा तर तिच्या या बाजूला होता, आणि आवाज भिंतीकडच्या बाजूने.

नाश्त्याच्या टेबलावर चार कप. मालकिणीने चारही भरले. चौथ्याला कुणी हात लावला नाही, अगदी शपथेवर. उठताना बघतात तर तळाला नुसता गाळ.

त्या दिवशी ते शहर बघायला गेले. चौक बघितला, पूल बघितला, मोठं घड्याळ बघितलं. येताना पुलावर धुकं असं दाटलं की कठडा दिसेना. चष्मेवाला पुढे, मागून दोघी.

"अगं, हात इतका गच्च नको धरूस," आक्काचा आवाज आला. "बोटं मोडतील माझी."

"आक्का..." बायको म्हणाली, "माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात आहेत."

पूल संपेपर्यंत चालताना पाय वाजत होते. चष्मेवाल्याला ते तिघांचे वाटेनात. त्याने मोजायचा प्रयत्न केला आणि मग मोजायचं सोडून दिलं.

घरी आल्यावर तो तडक मालकिणीच्या स्वयंपाकघरात गेला. ती भांडी पुसत होती. "बाई, आमची चूक झाली," तो म्हणाला. "आम्ही तिघंच आहोत. बहिणीला जिना चढवत नाही म्हणून चार सांगितलं."

बाईचा हात थांबला. "आता सांगताय?"

"पैसे चौघांचेच घ्या."

"पैशाचं कुठे बोलतेय मी. जुनं घर आहे हे. इथे बाहेर थांबलेले खूप आहेत. तुम्ही जागा रिकामी ठेवलीत, एक जण आलं." तिने आवाज अगदी खाली आणला. "जाताना सोबत न्या. मागे ठेवू नका. ते इथे राहायला तयार नसतं."

"नेऊ कसं? विमानात आमच्या जागा तीनच आहेत..."

बाईने तीन बोटं वर केली आणि त्यातलं एक मिटलं. "मग तुमच्यातलं एक इथे राहील," ती म्हणाली, आणि पुन्हा भांडं पुसायला लागली.

तो वळला तर दारात आक्का उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, पण बोटांवर मोजलेलं तर सगळ्यांनाच कळतं.

"काय म्हणते रे ती?"

"काही नाही गं आक्का. असंच."

"बरं," आक्का म्हणाली. लहानपणी हा खोटं बोलला की असंच म्हणायची.

चष्मेवाल्याने लगेच दुसरीकडे खोली शोधली. सगळ्या शहरात कुठे जागा नाही. मग परतीच्या विमानाचं चौथं तिकीट बघितलं, विमान भरलेलं. भीतीने त्याचे दात वाजत होते, आणि तो बायकोला सांगत होता की थंडी फार आहे. खोलीत परत आला तर आक्का आपल्या खाटेवर बसून भिंतीकडे तोंड करून हळूहळू काहीतरी बोलत होती. तिचं पांघरूण तिच्या अंगावर नव्हतं.

"आक्का, कुणाशी बोलतेस?"

"गारठलंय रे बिचारं," ती म्हणाली. "तूही असाच गारठायचास."

पांघरूण चौथ्या खाटेवर होतं. त्याखाली काहीतरी होतं. जवळ जाऊन बघायची त्याची छाती झाली नाही... तुमची तरी झाली असती का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुक्काम मोडला. टॅक्सी दाराशी आली तेव्हा पुन्हा तसंच अंधारून आलेलं. आक्का म्हणाली, "तुम्ही सामान ठेवा. मी आले." ती एकटीच खोलीत परत गेली. हे दोघं बॅगा चढवत होते. जरा वेळाने दार वाजलं आणि आक्का झपझप चालत येऊन मधल्या सीटवर बसली. तिच्या शालीला ओल्या लोकरीचा वास येत होता.

मालकीण दारात उभी होती. तिने बोट करून मोजलं. एक, दोन, तीन. मान हलवली आणि दार लावून घेतलं.

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. तिघंच आहोत, सुटलो. गाडी निघाली तसं त्याने मागे वळून बघितलं. तळमजल्याच्या खिडकीत पडद्याआड कुणीतरी बाई उभी होती, तळहात काचेला लावलेला. मालकीण असेल, तो मनात म्हणाला. पण मालकिणीने तर आत्ताच दार लावलं होतं, आणि ती खिडकी त्यांच्याच खोलीची होती.

"मागे बघू नकोस," शेजारून आक्का म्हणाली. "मान आखडेल."

विमानतळावर सरकता जिना बंद होता. लोक कुरकुरत बॅगा उचलत होते. आक्का भिंत न धरता वर गेली आणि वर उभी राहून या दोघांची वाट बघत राहिली. बायकोने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने बुटाची नाडी बांधायला घेतली.

घरी आल्यावर सगळं सुरळीत होतं. आक्का चहा करते, भाजी निवडते, शेजारणीशी गप्पा मारते. हसते पण आक्कासारखीच. बायको म्हणते, हवापालट मानवला. पण चष्मेवाल्याला राहवेना. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा त्याने तिला खुर्चीत बसवलं. बहिणीचा नंबर त्याला तोंडपाठ होता. दोन्ही डोळ्यांना जाड भिंग, त्याशिवाय तिला तक्त्यावरचं पहिलं मोठं अक्षरसुद्धा लागायचं नाही.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि सगळ्यात खालची बारीक ओळ घडाघडा वाचली. त्याने तक्त्यामागचा दिवा बंद केला. खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. आणि ती वाचतच होती. ओळ संपली तरी वाचत होती. तिच्या खाली कोरी पाटी होती, काहीच लिहिलेलं नव्हतं...

संध्याकाळी त्याने तिकडे फोन लावला.

"तुमची बहीण इथे आहे," मालकीण म्हणाली. "आपणहून राहिली ती. काळजी करू नका. गुडघे दुखतात तिचे, पण तळमजल्यावर आहे."

"तिला न्यायला येऊ का मी?" त्याने विचारलं.

"या की. किती जण येणार?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. एक म्हणावं तर तिला परत आणताना दोन होणार. दोन म्हणावं तर दुसऱ्याची जागा रिकामी राहणार, आणि बाहेर थांबलेले खूप आहेत. आणि एक माणूस परत आणायचा तर एक तिथे ठेवावा लागणार, हेही त्याला आता नीट दिसत होतं. पलीकडे बाई शांतपणे थांबली होती. तिच्या मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला त्याने पाळण्यात असल्यापासून ऐकला होता.

त्याने फोन ठेवून दिला.

आता रोज संध्याकाळी दुकान बंद करताना तो फोन लावतो. बाई विचारते, किती जण? तो ठेवून देतो. माणूस वाईट नाही हो. नुसता भित्रा आहे.

बहिणीला दोन पायऱ्यांचा त्रास नको म्हणून चार म्हणाला, त्यात सख्खी बहीण गेली. आणि तिच्यासाठी घटकाभर रडायची सोयसुद्धा त्याला राहिली नाही. अंधाऱ्या खोलीत जाऊन जरा डोळे पुसायला लागला, की दार लोटून ती आत येते, दिवा न लावता समोरच्या खुर्चीत बसते, आणि अगदी आक्काच्याच मायेने विचारते, "कुणासाठी रडतोस रे? मी इथेच आहे की."