तुरीतला ओलावा

"ओली शे, मॅडम."

तुरीचा एकच दाणा दाढेखाली धरून त्याने निकाल देऊनही टाकला. जळगावातल्या त्या डाळ मिलच्या फाटकात सुलक्षणा नमुन्याची पिशवी घेऊन उभी होती, अजून हेल्मेटही काढलेलं नव्हतं.

"यंत्र साडेदहा टक्के सांगतं," तिने ओलावा मोजायचं यंत्र पुढे धरलं. "तुमची दाढ काय म्हणते?"

"तेरा. थोडी जास्तच."

"दाढेला दशांश कळत नाही वाटतं?"

"नही कळत. पण ती खोटं बोलत नही." तो हसला. त्याच्या गालाला भुसा चिकटला होता... आणि नेमका आत्ताच तिला तो दिसायला हवा होता का?

तो प्रेमराज, धुळ्याकडचा. मिलमध्ये येणारा माल पारखणं हे त्याचं काम. ती पहूरची, कृषी व्यवसाय पदविकेच्या शेवटच्या वर्षाला. गावातल्या अठरा बायांची तूर एकत्र करून थेट मिलला विकायची, हा तिचा प्रकल्प. ओलावा बाराच्या वर गेला की माल परत. आणि माल परत गेला, की बाया पुन्हा गावच्या व्यापाऱ्याच्या दारात. मग तिच्या शब्दावर कोण विसंबणार?

घरी येऊन तिने यंत्र नीट तपासलं. पडद्याच्या कोपऱ्यात पिकाचं नाव होतं – हरभरा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणताना ते बदलायचं राहूनच गेलं होतं! तिने तूर निवडली, पुन्हा मोजलं. तेरा पूर्णांक दोन.

सकाळी ती पुन्हा फाटकात.

"दाढ बरोबर होती. मला शिकवा."

"फी?"

"कळण्याची भाकरी आणि भरीत."

"मग सावकाश शिकवावं लागेल," तो म्हणाला. "डोळे मिटा. वाळलेला दाणा कट्‌दिशी फुटतो. ओला आधी दबतो."

तिने दाणा चावला. "दबला..."

डोळे उघडले, तर त्याचं लक्ष दाण्याकडे नव्हतंच.

पुढचे चार दिवस पहूरच्या खळ्यांवर ताडपत्र्या पसरल्या होत्या. सुलक्षणा घरोघर जाऊन दाणे चावत होती, वर यंत्रानेही तपासत होती. फक्त आजारी भिकुबाईचं पोतं ऐनवेळी आलं, ते तसंच टेम्पोत चढलं.

मिलमध्ये चाळीस पोती उतरली. प्रेमराजने एकूण एक पोतं तपासलं. एकोणचाळीस आत गेली. एक त्याने बाजूला ठेवलं.

"जाऊ दे ना भाऊ," हमाल लोटन डोळे मिचकावत म्हणाला, "मॅडमचं शे."

"म्हणूनच नही."

सुलक्षणाने पोत्याचं तोंड बांधलं, गाठ घट्ट ओढली.

"राग आला?" त्याने हळूच विचारलं.

"आत ढकललं असतंत तर आला असता. मग उरलेल्या एकोणचाळीसवर तरी मी कसा विश्वास ठेवला असता?" ती थांबली. "हे पोतं मी पुन्हा वाळवणार आहे. रविवारी पहूरला याल... पारखायला?"

"तूरच ना?"

"तूर तुम्ही पारखा. आई तुम्हाला पारखेल."

त्याचे कान लाल झाले. "आणि... तुम्ही?"

सुलक्षणाने हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली.

"माझं पारखून झालंय."