प्रतापकाका का आला नाही?

"एकशे बारा फोटो!" विहान ओरडला. "आणि निम्म्यांमध्ये काकाचे डोळे मिटलेले!"

उर्वीला हसू आलं, आणि पाठोपाठ आलेलं रडू तिने गिळलं. पाच दिवस तिचं हे असंच चाललं होतं.

सप्टेंबरच्या सुट्टीत यतिनकाका तिला, तिच्या दहा वर्षांच्या भावाला, म्हणजे विहानला, आणि समोरच्या घरातल्या निहारिकाला नदीकाठी तंबूत राहायला नेणार होता. सामानाची यादीसुद्धा झाली होती! पण शनिवारी यतिनकाकाच गेला. मलेरियाने.

नात्याने तो त्यांचा कुणीच नव्हता. मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या त्यांच्या गल्लीत शेजारी राहणारा, पूल बांधणारा इंजिनियर, एवढंच. पण उर्वीला पोहायला त्यानेच शिकवलं होतं, आणि आईबाबांवर रुसली की ती त्याच्याच दारात जाऊन बसायची.

काल अंत्यसंस्कार झाले. आज त्याच्या बायकोने, मयूराकाकूने, त्याचा फोन उर्वीच्या हातात दिला होता.

"यातले चांगले फोटो तूच निवड गं. मला बघवत नाहीत." मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "प्रताप मात्र आला नाही. पुलाच्या कामावर पापुआ न्यू गिनीत दोघे दोन महिने एका खोलीत राहिले. आणि शेवटचं बघायलाही यावंसं वाटलं नाही त्याला! उल्हासभावजींनी निरोप ठेवला होता फोनवर. साधं उत्तरही नाही."

उल्हास म्हणजे उर्वीचे बाबा. एवढं बोलून काकू आत जाऊन पडली होती. आता फोटो चाळताना निहारिकाने उर्वीचा दंड घट्ट धरला.

"उर्वी, हा मेसेज बघ. कुणी वाचलेलाच नाहीये. सोमवारचा आहे."

मेसेज प्रतापकाकाचा होता. 'यत्या, मलाही तुझ्यासारखाच ताप आलाय. फ्लू असणार. पॅनडॉल खाऊन पडलोय. बरा झालास की भेटू.'

"सोमवारी?" विहान म्हणाला. "पण यतिनकाका तर शनिवारीच..."

"त्याला माहीतच नाहीये!" उर्वी ताडकन उठली. "बाबांचा निरोप त्याने ऐकलेलाच नाही, आणि त्यालाही तोच ताप आहे!"

कोपऱ्यात यतिनकाकाची प्रवासाची बॅग तशीच पडली होती. निहारिकाने आतून औषधाचं खोकं काढलं. जवळजवळ महिन्याभराच्या गोळ्या शिल्लक! तिने आतला कागद उलगडून वाचला. "परत आल्यावरही चार आठवडे गोळ्या चालू ठेवायच्या. अगं, याने तर घरी येताच बंद केल्या!"

"मेलबर्नमध्ये कुठला आलाय मलेरिया, असं म्हणाला असेल," उर्वी हळूच म्हणाली. तिला त्याचा आवाजच ऐकू आला जणू.

विहान दोन पावलं मागे सरकला होता. "आपल्याला होईल का? गल्लीतली चित्रलेखाआँटी म्हणाली, या घरात जाऊ नका."

"वेडा आहेस का! खोकल्यासारखा पसरतो का तो?" निहारिका म्हणाली. "ॲनॉफिलिस डासाची मादी आजारी माणसाला चावते, त्याच्या रक्तातले जंतू तिच्या पोटात वाढतात, आणि मग ती दुसऱ्याला चावली की त्याला होतो. काकाला ती तिकडेच चावली. जंतू आधी यकृतात लपून बसतात, म्हणून ताप नंतर येतो."

प्रतापकाकाचा फोन बंद होता. उर्वी धावत घरी गेली. बाबा लॅपटॉपसमोर बसले होते.

"बाबा, प्रतापकाकालाही मलेरिया असेल!"

"मीटिंग चालू आहे, उर्वी! त्याच्या ऑफिसने त्याला मेल पाठवलाय, टेस्ट करून घे म्हणून. झालं ना?"

"आजारी माणूस ऑफिसचे मेल बघतो का?"

"नंतर बोलू!"

यतिनकाकाच्या तापालाही सगळे असंच 'नंतर बघू' म्हणाले होते. उर्वीने आईला मेसेज केला, 'क्लेटनला प्रतापकाकाकडे जातोय. रागव, पण नंतर.' आणि तिघांनी स्टेशनकडे धूम ठोकली!

शहरात गाडी बदलून ते क्लेटनला पोचले. यतिनकाकाच्या फोनमधल्या पत्त्यावरून घर शोधायला पाऊण तास गेला. युनिव्हर्सिटीजवळच्या त्या घरात भाड्याने राहणाऱ्या वरुण नावाच्या विद्यार्थ्याने दार उघडलं.

"भैया सो रहे हैं. फ्लू है. नो वरीज!"

"आय ॲम वरीड!" म्हणत विहान त्याच्या काखेखालून आत घुसला.

खोलीत प्रतापकाका दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत होता. डोळे पिवळे पडले होते, ओठ फुटले होते. "निघा इथून," तो पुटपुटला. "तुम्हालाही फ्लू होईल. मला कुठेही जायचं नाहीये. आज रविवार आहे ना? उद्या शिफ्ट आहे माझी."

आज गुरुवार होता.

उर्वीने निहारिकाला डोळ्याने खुणावलं. निहारिका लगेच पलंगाजवळ बसली. "काका, तुम्ही तिकडे कुठला पूल बांधलात? सांगा ना!" तो अडखळत सांगू लागला, आणि उर्वी बाहेर सटकली. तिने ॲम्ब्युलन्ससाठी ट्रिपल झिरो फिरवला. तिने एकेक शब्द स्पष्ट उच्चारला. "ताप आहे, वार आठवत नाही, डोळे पिवळे. तो पापुआ न्यू गिनीहून आलाय. त्याच्यासोबतचा माणूस मलेरियाने वारला. प्लीज, लवकर या!"

ॲम्ब्युलन्स आली. काकाने हात झटकले, पण उठून उभं राहण्याएवढीही ताकद त्याच्यात नव्हती.

हॉस्पिटलमध्ये रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला. जंतू दिसले! लगेच शिरेतून औषध सुरू झालं. आईबाबा धापा टाकत पोचले, तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "तापाची कारणं हजार. पण कुठून आलात, हे कळलं की आम्हाला नेमकं शोधता येतं. तुमच्या मुलीने पहिल्याच वाक्यात ते सांगितलं. उद्यापर्यंत उशीर झाला असता. शी सेव्ह्ड हिज लाइफ."

बाबांनी तिघांना जवळ घेतलं. "मी ऐकायला हवं होतं तुझं," ते उर्वीला म्हणाले. आई रागवायचंच विसरली.

उर्वीला आनंद व्हायला हवा होता. पण तिला सारखं वाटत होतं, हीच काच, हेच औषध. फक्त दहा दिवस आधी.

शनिवारी प्रतापकाका शुद्धीवर येऊन बसला. मयूराकाकू त्याच्या उशाशी होती. तो क्षीण हसला. "वहिनी, यत्याला सांगू नका हं मी इथे आहे ते. वर्षभर चिडवेल. बरा झाला ना तो?"

बाबा खिडकीकडे वळले.

काकूने त्याचा हात हातात घेतला. "प्रताप, यतिन नाही रे राहिला. आज आठवडा झाला."

प्रतापकाकाने चेहरा उशीत खुपसला, आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडू लागला. काकूचाही बांध फुटला. अंत्यसंस्काराच्या दिवशीही ती रडली नव्हती.

उर्वी दारातच उभी होती. "काकू, मला दहा दिवस आधी कळलं असतं तर..."

"इकडे ये." काकूने तिला ओढून कुशीत घेतलं. "तू तेरा वर्षांची आहेस गं. त्याच्याजवळ मी होते, डॉक्टर होते, तो स्वतः होता. तिकडून आलोय हे त्याने सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. हे ओझं तुझं नाही, बाळा." तिने प्रतापकाकाकडे बघितलं. "मी रागावले होते प्रतापवर. तू गेलीस म्हणून कळलं मला, त्याला का येता आलं नाही ते."

उर्वीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि गेल्या शनिवारपासून अडवून धरलेलं सगळं रडू तिथेच मोकळं केलं.