आवक क्रमांक ४१२

जुलैच्या अखेरच्या मंगळवारी, सकाळी पावणेनऊला, धरणगावच्या बाजारपेठेत भुरभुर सुरू झाली आणि एक तरुण मोटरसायकल कशीबशी लावून सुरेशचंद शेठच्या कापड दुकानाच्या छपराखाली धावत आला. दुकान उघडायला अजून तासभर होता. पायरीवर शेठची मुलगी चेलना बसली होती, आणि तिच्या शेजारी नऊ वर्षांची दिपमाला समोरच्या दुकानाची पाटी वाचत होती. “स्टे… स्टेश… स्टेशन,” म्हणून ती थांबली.

“गाडी सुटली नाही अजून,” तो तरुण म्हणाला. “पुढे ‘री’ राहिला.”

त्याने शर्टाच्या आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा काढला, तो कोरडा आहे ना ते पाहिलं आणि मगच कपाळावरचं पाणी पुसलं. चेलनाला हसू आलं. स्वतः भिजून कागद वाचवणारा माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती. त्यानेही तिच्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ.

“या वर्गात प्रवेश मिळेल का?”

“मिळेल की,” चेलना म्हणाली. “आमच्याकडे कागद मागत नाहीत.”

त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं, कारण दिपमाला पुस्तक छातीशी धरून चेलनाच्या पाठीमागे सरकली होती. तिच्या कानाशी लागून ती पुटपुटली, “ताई, हाऊच तो. शाळामाधला.”

चेलनाच्या अंगातून सणक गेली. गेले सहा आठवडे ती या माणसाला मनातल्या मनात फाडून खात होती. आणि आता भेटला, तर ती त्याच्याकडे बघून हसली होती.

दिपमाला आणि तिची आई भिकुबाई मे महिन्यापासून याच पायऱ्यांवर झोपत. नाल्याकाठची त्यांची झोपडी रस्तारुंदीकरणात गेली होती. “बठ्ठा कागद बुलडोझरखाल गयात,” भिकुबाई सांगे. ती पेठेतली दुकानं झाडायची. चेलनाने पोरीला अक्षरं शिकवली, दुकानातल्या निळ्या तुकड्याचा फ्रॉक शिवून घेतला, अर्ज लिहून दिला, आणि अठरा जूनला मायलेकी गावातल्या मोठ्या शाळेत गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने जन्माचा दाखला, आधार आणि रहिवासी दाखला मागितला. एकही नाही म्हटल्यावर अर्ज ठेवून घेतला आणि, घेऊन या, म्हणाला. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. दिपमालाने तो फ्रॉक पुन्हा घातला नाही.

“अठरा जूनला हिचा अर्ज आला होता,” चेलना उठून उभी राहिली. “त्याचा आवक क्रमांक सांगा.”

“आवक केला नाही,” तो म्हणाला.

“का?”

“आवक केला की उत्तर द्यावं लागतं.”

चेलनाने शिक्षणहक्काचा कायदा सांगायला सुरुवात केली. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा मुलाला नाकारू शकत नाही, वर्षाच्या मध्येसुद्धा घ्यावंच लागतं, वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो… त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं.

“कलम चौदा,” तो हळूच म्हणाला. “माहीत आहे मला.”

ही गोष्ट मात्र तिच्या डोक्यात गेली. अडाणीपणा तिने माफ केला असता. याला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून त्याने त्या पोरीला परत पाठवलं होतं. पाऊस चालू असताना तिने त्याला छपराखालून जायला सांगितलं. तो गेला. गठ्ठा पुन्हा शर्टात घालायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला तो परत आला आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसला. त्याचं नाव नवल. साक्रीकडच्या एका खेड्यातला, शाळेत कनिष्ठ लिपिक, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. चार दिवस चेलना त्याच्याशी बोलली नाही. तो दिपमालाला बेरजा घालत राहिला आणि ती हातचा विसरली की स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून घेत राहिला. पाचव्या दिवशी चेलनाने चहाचे तीन कप मागवले.

“तिसरा कोणाला?” त्याने विचारलं.

“इथे रोज एक निगरगट्ट माणूस येतो. त्याला.”

“साखर?”

“नाही घातली.”

“बरं केलं. सवय लागली असती.”

तिने तोंड फिरवलं, कारण हसू येत होतं आणि ते त्याला द्यायचं नव्हतं. हळूहळू त्याने सांगितलं. त्याचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जात. एका वर्षी साक्रीच्या एका हेडसरांनी एकही कागद न बघता त्याचं नाव हजेरीत घातलं, म्हणून तो आज खुर्चीवर बसला होता. इथले हेडसर लीलाधर वेगळे. आधार नसलेलं पोर सरकारी पटसंख्येत धरलं जात नाही, आणि पटात न धरलेल्या पोराचा शाळेला उपयोग काय, असा त्यांचा हिशेब. ‘कागद नसतील त्यांना खिडकीवरूनच वाटेला लाव,’ हा हुकूम तोंडी होता.

“आणि तुम्ही लावलंत.”

“लावलं,” नवल म्हणाला. त्याने सबब सांगितली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा चेलनाला त्याच्यावर रागावताना त्रास झाला.

घोडचूक तिने स्वतः केली. हेडसरांना पत्त्याचा पुरावाच हवा ना, मग देऊ, असं तिला वाटलं. दुकानाच्या छापील कागदावर तिने दाखला लिहिला: ‘दिपमाला व तिची आई मे महिन्यापासून आमच्या दुकानाच्या पायरीवर राहतात.’ पप्पा सही करतील याची तिला खात्री होती. ते शाळेच्या संचालक मंडळावर होते, दर पंधरा ऑगस्टला मुलांना वह्या वाटत.

सुरेशचंदांनी कागद दोनदा वाचला. आवाज चढवला नाही. “पायरीला पत्ता देतेस?” ते म्हणाले. “उद्या कब्जा सांगतील. पेठेत कोण असं लिहून देतं?”

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायला लोहार आला. चौदा ऑगस्टला पायऱ्यांना लोखंडी जाळी बसली. भिकुबाईने बोचकं बांधलं. उलट भिकुबाईच चेलनाची समजूत काढू लागली, “बाजारना ओटा रिकामाच शे, ताई. तठे जाऊत.” पंधरा तारखेला शेठनी शाळेत वह्या वाटल्या. फोटो निघाला.

त्या दिवशी ध्वजवंदनानंतर नवल जाळीपाशी येऊन उभा राहिला. चेलना आत होती, तो बाहेर.

“तुम्ही कागद मागितलात,” ती म्हणाली, “मी कागद आणायला गेले, आणि तिची झोपायची जागा गेली. घरी पप्पांचं तोंड बघवत नाही, आरशात माझं नाही. तुमचं बघायची तर इच्छाच नाही. उद्यापासून येऊ नका.”

जाळीवर ठेवलेली बोटं त्याने काढून घेतली. लोखंडाचा नवा रंग त्यांना लागला होता.

मग पर्युषण आलं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी जैन घरांतली माणसं ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. अठ्ठावीस ऑगस्टला अकरा वाजता सुरेशचंद शाळेत गेले. चेलनाही गेली. न जाण्याचं कारण घरात सांगावं लागलं असतं.

कार्यालयात हेडसर लीलाधर उठून उभे राहिले. शेठनी हात जोडले, “मिच्छामि दुक्कडम्. कळत नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.” हेडसरांनी लगेच, असं काही नाही शेठ, म्हणून टाकलं. शेठ खिडकीजवळच्या टेबलाकडे वळले. नवल उभा राहिला.

“शेठजी, माझं मन तुम्ही दुखावलं नाही,” तो म्हणाला. “ज्यांचं दुखावलं त्या दोघी बाजाराच्या ओट्यावर आहेत. इथून दहा मिनिटांवर.”

शेठचे हात जोडलेलेच राहिले. नवलने खण उघडला आणि एक घडी पडलेला कागद काढला. चेलनाने आपलं अक्षर ओळखलं. अठरा जूनचा अर्ज. इतके दिवस त्याने तो जपून ठेवला होता. त्याने आवकचा शिक्का मारला, तारीख घातली, रजिस्टरात ओळ भरली, अर्जावर ४१२ लिहिलं आणि कागद हेडसरांपुढे सरकवला.

“सर, प्रवेश नाकारायचा असेल तर इथे तसं लिहा. कारण, आणि खाली सही.”

“तुला सांगितलंय ना मी?”

“तोंडी सांगितलंत. तोंडी मी विसरतो. लेखी द्या.”

लीलाधर सरांनी पेनाचं टोपण काढलं. शेठकडे पाहिलं. शेठ जमिनीकडे पाहत होते. पेन कागदापासून एक बोट अंतरावर थांबलं… आणि टोपण पुन्हा बसलं.

“तू अजून कायम नाहीस, नवल.”

“माहीत आहे, सर.”

“चौथी ब,” हेडसर म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले.

नवलने प्रवेशाचं जाडं रजिस्टर उघडलं. नाव, आईचं नाव, अंदाजे वय. पत्त्याच्या रकान्यापाशी त्याने मान वर केली.

“बाजाराचा ओटा,” चेलना म्हणाली. मग वडिलांकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, “त्याआधी, सुरेशचंद शेठ यांच्या दुकानाची पायरी.”

“आधीच्या पत्त्याला रकाना नाही.”

“शेरा आहे ना?”

त्याने शेऱ्यात लिहिलं. सुरेशचंद बाहेर पडले आणि बाजाराच्या नाही, दुकानाच्या दिशेने गेले. जाळी अजून आहे.

व्हरांड्यात ऊन आणि भुरभुर एकत्रच होती. चेलना खांबाला टेकून उभी होती. नवल तिच्यापासून दोन हात अंतरावर थांबला.

“हे जूनमध्ये करता आलं असतं,” ती म्हणाली.

“हो.”

“सत्तर दिवस गेले तिचे.”

“एकाहत्तर.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो रोज मोजत होता तर…

“माझा राग गेलेला नाही. तुमच्यावरचाही नाही.”

“जाऊ देऊ नका,” तो म्हणाला. “तो नसता तर निवृत्त होईपर्यंत मी खिडकीत बसून पोरांना कागद आणायला पाठवत राहिलो असतो.” मग तो अडखळला. “माझंही एक म्हणणं आहे… म्हणजे… विनंती अर्जच समजा.”

“तोंडी आहे?”

“हो.”

“मग मी विसरेन. लेखी द्या.”

त्याने खिसे चाचपले. मिळालं ते मोटरसायकलच्या पंक्चरचं बिल. खांबाला टेकवून त्याने बिलाच्या पाठीवर लिहिलं. लिहिताना कान लाल झाले. ती वाचत असताना तो पावसाकडे बघत राहिला. दोनच ओळी होत्या. तिने त्या दोनदा वाचल्या, चिठ्ठीची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

“आवक झाला,” ती म्हणाली.

“म्हणजे उत्तर द्यावं लागेल.”

“आधी भिकुबाईला सांगू. दिपमालाला आजच दुपारपासून बसू दे. बहात्तरावा दिवस नको.”

त्याने मोटरसायकल काढली. बाजाराच्या ओट्याकडे जायला दोन रस्ते होते. एक मागून, नाल्याच्या बाजूने. दुसरा पेठेतून, दुकानासमोरून. त्याने गाडी मागच्या रस्त्याकडे वळवली. ती मागे बसली, ओढणी आवरली आणि भर बाराच्या उन्हात त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तिकडून नाही,” चेलना म्हणाली. “पेठेतून घे. आणि जाळीसमोर हळू चालव.”