पहाटे चारला पुसलेले धडे

“अक्का, सर्व्हर तुमीच पुसलाव का?”

हा प्रश्न नागरत्ना अक्कांना तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैजच लावली होती. मंजुश्रीनं विचारला. पोर दहावीची, पण जनवाड्यात कुणाची सायकल हरवली तरी हाक आधी तिलाच.

अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. “न्हाई गं. पण सांजच्याला वाचनालयाची कमिटी मला कामावरून काढणार. तू बी विचार!”

वाचनालयातला तो जुना कॉम्प्युटर म्हणजे गावाचा सर्व्हर, अक्का तो सांभाळायच्या. घरी नेट नसलेल्या पोरी तिथं धडे बघायच्या. धडेही पोरींनीच रेकॉर्ड केलेले. मंजुश्रीच्या त्रिकोणमितीत तर ऐन सूत्राला बंडेप्पाची म्हैस हंबरली होती! ते सगळं गेलं. मशीनची नोंदवही, म्हणजे लॉग, म्हणत होता, रविवारी पहाटे चारला अक्कांची सफाईची स्क्रिप्ट चालली.

“लॉग कसा खोटं बोलंल?” विजयश्री म्हणाली. ही मंजुश्रीची सावली. पळायला पुढं, विचाराला मागं.

“माझी स्क्रिप्ट जुन्याच फायली पुसती,” अक्का म्हणाल्या. “आधी echo लावून नुसती नावं छापून बघितले, मगच rm, म्हणजे पुसायची कमांड, लिहिले. फोल्डरचं नाव रिकामं असलं तर सगळंच पुसलं जातंय, म्हणून तवा थांब, अशी ओळ बी घातलेली. ती ओळच कुणीतरी काढलीय.”

“त्याला रूटचा, मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड लागतो. कुणाकडं हाय?” मंजुश्रीनं विचारलं.

“मी आन् तुझे शिवराजमामा. मशीन त्यांनीच बसवलीय.”

मंजुश्री हसली. लिनक्सची पहिली कमांड तिला मामानंच शिकवलेली. दहावीनंतर त्याच्याकडंच गुलबर्ग्याला राहायचं ठरलेलं.

“माझी मावसबहीण तुझ्या मामांच्या नव्या क्लासचं ॲप विकत घेतलीय,” विजयश्री मधेच म्हणाली. “लई भारी म्हणती.”

मंजुश्रीचं लक्ष कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडं होतं. “अक्का, बॅटरीला हळद कशी?”

“लग्नाला दिलते की शनवारी. हरिओम नेला.”

मांडववाला हरिओम चौकातच भेटला. “व्हय, परत आणताना हळद-कुंकू लावूनच आणतो आमी. रविवारी ऊन वर आल्यावर आणलो. पहाटे गावात लाईट असती का कधी? मांडव सगळा त्याच बॅटरीवर!”

मामा मंजुश्रीच्या घरी पोहे खात होता. “क्रॉन, मंजे! चारला आपोआप चालतंय. नागरत्नाची चूक, दुसरं काय. मी रविवारी दुपारी येऊन अपडेटला बसलो, तवा दिसलं.”

“आन् लाईट नसली तर?”

“इन्व्हर्टर कशाला बसवलाय मग?”

मंजुश्री तडक उठली. बाहेर येऊन म्हणाली, “विजे, बहिणीला ॲपवरची त्रिकोणमिती पाठवायला सांग.”

संध्याकाळी वाचनालय भरलं. तिचे वडील किशनराव कमिटीत, आई कमलबाई दाराशी, शेजारी मामा.

“पहाटे चारला मशीन बंद होती,” मंजुश्री म्हणाली. “लाईट न्हाई, बॅटरी मांडवात. बंद मशीनवर क्रॉन चालत न्हाई, आन् चुकलेलं काम मागनं करीत बी न्हाई. म्हणजे कुणीतरी मशीनचं घड्याळ मागं नेलं, हातानं स्क्रिप्ट चालवली, घड्याळ परत जागेवर आणलं.”

“मग ते अक्कांनीच केलं असंल,” कुणीतरी म्हणालं.

“बॅटरी अक्कांनीच दिली. मशीन बंद हाय हे म्हाईत असून त्या पहाटेची वेळ कामून टाकतील? पासवर्ड दोघांकडं. त्यातल्या एकालाच बॅटरीचं म्हाईत न्हवतं.”

मामा मोठ्यानं हसला. “आगं येडे, मी कामून पुसू?”

विजयश्रीनं फोन पुढं धरला. मामाच्या ॲपवरचा त्रिकोणमितीचा धडा सुरू झाला. आवाज मंजुश्रीचा. ऐन सूत्राला म्हैस हंबरली.

एरवी सगळी शाळा हसायची. आज कुणीच हसलं नाही.

“इथं फुकट मिळालं असतं तर तुमचं विकत कोण घेतलं असतं?” मामाला ती जन्मात पहिल्यांदा ‘तुमी’ म्हणत होती. “नुसतं मागितलं असतंस ना मामा, मी दिलं असतं रे.” तो ‘तुमी’ तिला एका वाक्यापुढं टिकवता आला नाही.

मामा खाली बघत राहिला. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला, भाऊच तो.

मंजुश्रीनं डोळे पुसले आणि आईवडिलांपुढं जाऊन उभी राहिली.

“अप्पा, आई, मी गुलबर्ग्याला जाणार न्हाई. इथनंच शिकणार. धडे पुन्हा रेकॉर्ड करणार, आन् उद्यापासून अक्कांसंगं सर्व्हर मीच सांभाळणार. रूटचा पासवर्ड आमी दोघींनी आत्ताच बदललाय.”