कापून नेलेला मुकुट

चित्रातल्या मुलीला ओरखडासुद्धा नव्हता. फक्त तिच्या डोक्यावरचा मुकुट कुणीतरी कापून नेला होता.

किब्दोच्या कलादालनात सकाळी झाडायला आलेल्या बाईनं ते पाहिलं आणि तपास अधिकारी यादिरा पालोमेकेला बोलावणं गेलं. चित्र भिंतभर होतं. लालभडक आत्रातो नदी, तिच्यात डोळे असलेली काळी होडी, होडीत पांढऱ्या झग्यातली मुलगी आणि वर सूर्य गिळणारा कोंबडा. बोगोताहून आलेले संचालक उर्दानेता डोक्याला हात लावून बसले होते. मुकुटाची फुलं चंदेरी, म्हणजे चंद्र; पाकळ्यांची लाल कड, म्हणजे देशाची जखम, असं त्यांनी यादिराला बराच वेळ समजावलं. यादिरानं मान डोलावली. राजधानीतली माणसं बोलायला लागली की आम्ही मान डोलावतोच.

मग तिनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला माशाचा खवला लागला.

चित्रकार एल्किन रेंतेरिया मागच्या पायरीवर सिगारेट ओढत बसला होता.

"तक्रार देणार?" यादिरानं विचारलं.

"नको बाई. जाऊ दे."

"एवढी मेहनत केलीस आणि जाऊ दे?"

"ज्यानं नेला त्याला लखलाभ."

"ही मुलगी कोण?"

"कुणी नाही. मनातली."

बोलताना त्याच्या बोटांचा सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाशी चाळा चालला होता. घडी, पीळ, पुन्हा घडी. उठताना त्यानं तो कागद तिथंच टाकला. यादिरानं उचलून खिशात ठेवला.

मनातली म्हणे! अख्ख्या किब्दोनं तो चेहरा ओळखला असता. मासेवाल्या तोमासाची नायिबे. सहा वर्षांची पोर सान पाचोच्या जत्रेतून नाहीशी झाली, त्याला आठ वर्षं झाली. बंदूकवाल्यांनी पळवली, असं लोक म्हणायचे. तेव्हापासून तोमासा दर सोमवारी यादिराच्या टेबलासमोर उभी राहायची. रडून रडून डोळे सुजलेले. "माझ्या पोरीचं काही कळलं का गं?" एवढंच विचारायची, आणि यादिराला नाही म्हणावं लागायचं. एल्किन त्या पोरीचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्यानंच तिला हातांवर धरलं होतं, म्हणून तोमासा त्याला भाऊ मानायची.

तोमासा बाजारात मासे साफ करत होती. यादिरानं काही विचारायच्या आत तिनं टोपलीखालून कॅनव्हासचा तुकडा काढला.

"मीच कापला. धरायचं तर धर मला."

"का गं मावशी?"

"जित्या लेकराला मुकुट घालतात होय? आज चौदाची असेल माझी पोर. कुठंतरी चार घास खात असेल, नि हा मेला तिला देवदूत करून बसलाय."

काय चुकलं होतं तिचं? आमच्याकडे लहान लेकरू गेलं की त्याला पांढरे कपडे आणि पांढऱ्या कागदी फुलांचा मुकुट घालतात. मुकुट धर्मबापाच्या घरून येतो. ढोल वाजवतात, गातात, टाळ्या पिटतात. रडायचं मात्र नाही. रडलं की लेकराचे पंख भिजतात आणि त्याला वर जाता येत नाही.

यादिरा तुकड्याकडे बघत राहिली. मग तिनं खिशातला कागद बाहेर काढला आणि उलटसुलट करून पाहिला.

दुपारी तिनं तोमासाला आणि एल्किनला चित्रासमोर आणलं. उर्दानेता तिथं होतेच.

"मुकुट मावशीनं नेला," यादिरा म्हणाली. "पण खरा गुन्हा तो नाही. एल्किन, इथं जन्मलेला माणूस जिवंत मुलीला मुकुट घालत नाही. ती गेलीय, हे तुला माहीत होतं. नुसता अंदाज असता तर तू पांढरा मुकुट काढला असतास, सगळे करतात तसा. हा सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा आहे, लाल कडेसकट. हाताशी दुसरं काही नसताना घाईत केलेला. तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला."

तिनं पायरीवर टाकलेला कागद तुकड्याशेजारी धरला. तेही फूलच होतं. तशाच पाकळ्या, तसाच पिळलेला देठ.

एल्किननं ते फूल हातात घेतलं. मग सगळं बाहेर आलं. जत्रेत तो प्यायला होता. पोरीनं होडीत बसायचा हट्ट धरला. वळणावर होडी उलटली. पहाटे ती झाडांच्या मुळांत अडकलेली सापडली. तोंड दाखवायची हिंमत होईना, म्हणून त्यानं तिला पलीकडच्या काठावर ताडाखाली पुरलं. पण मुकुटाशिवाय तिला निरोप देववेना. खिशात सिगारेटचं पाकीट होतं.

"कितीदा सांगायला निघालो, ताई," तो तोमासाला म्हणाला. "तुझ्या दारातून परत फिरलो. शेवटी चित्र काढलं. कुणीतरी ओळखेल म्हणून."

यादिराला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. इतके सोमवार ती नाही म्हणत आली होती.

तोमासा एल्किनकडे वळलीसुद्धा नाही. तिनं यादिराच्या हातातला तुकडा घेतला, चित्रातल्या भोकावर नीट बसवला आणि तळव्यानं दाबून धरला. यादिराच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं.

"रडू नकोस," तोमासा म्हणाली. "आठ वर्षं मी रडतेय. म्हणजे माझी पोर अजून तिथंच बसली असेल, ओल्या पंखांनी."

आणि एका हातानं मुकुट धरून, दुसऱ्या हातानं भिंतीवर ठेका धरून, ती गाऊ लागली.